कलश, माळा आणि लंबक

या पुस्तकातली घड्याळे ज्या फळीसाठी घडवली गेली, ती फळी आपल्या घरांत कधी नव्हतीच. युरोपातल्या थंडीच्या मुलखात बैठकीच्या भिंतीत आग पेटवायची जागा असते. तिच्यावर संगमरवरी किंवा लाकडी फळी, फळीच्या बरोबर मध्यावर घड्याळ, दोन्ही अंगांना जोडीच्या फुलदाण्या नाहीतर मेणबत्त्यांची झाडे, आणि मागे उंच आरसा. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये श्रीमंत घराची बैठक अशी सजत असे. त्या फळीला मँटल म्हणतात, म्हणून ही मँटल क्लॉक. मुंबईच्या बंदरात ती उतरली तेव्हा इथे फळीही नव्हती आणि आगही नव्हती. मग कुणी त्यांना संगमरवरी टेबलावर बसवले, कुणी काचेच्या कपाटावर चढवले, वाड्यांमध्ये ती झुंबराखालच्या मेजावर किंवा रुंद कोनाड्यात गेली. तिकडे ती एका मोठ्या मांडणीचा मधला भाग होती. इकडे बहुतेकदा ती एकेकटी पडली, जोडीच्या फुलदाण्या वाटण्यांमध्ये दुसऱ्या भावाकडे गेल्या आणि आरसा तर सोबत आलाच नव्हता.

राजाबाई टॉवरवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळाच्या आठवणी तर प्रत्येक जुन्या घरात निघतात. पण सोनेरी ब्राँझ, निळे-गुलाबी पोर्सिलेनचे फलक आणि वर कलश अशा या घड्याळांकडे आपण नुसती शोभेची वस्तू म्हणून पाहिले. त्यांच्या पोटात काय चालते आणि अंगावर काय रंगवले आहे, या दोन गोष्टी एकत्र पाहण्याची सवय आपल्याला लागली नाही. हे पुस्तक त्या सवयीसाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की असे घड्याळ हे निदान पाच वेगवेगळ्या कसबांचे एकत्र काम असते, आणि त्यातला एखादा भाग सुटा केला की बाकीचे चारही मुके होतात.

आधी वस्तू नीट पाहू. उंची वीतभर ते दोन वितींपर्यंत. खाली चौथरा, त्याला भोवऱ्यासारखे छोटे पाय. चौथऱ्यावर मधोमध गोल पेटी, तिच्यात तबकडी आणि यंत्र. दोन्ही बाजूंना उभ्या खाचांचे खांब किंवा कुरळी पाने. वर कलश, आणि कलशाच्या दोन कानांपासून खाली उतरलेल्या फुलापानांच्या माळा. कुठे फितीची गाठ, कुठे मेंढ्याचे मुंडके, कुठे लॉरेलच्या पानांचे वर्तुळ. ब्राँझच्या या सगळ्या सोनेरी रचनेत ठिकठिकाणी खिडक्या सोडलेल्या असतात आणि त्या खिडक्यांत पोर्सिलेनचे फलक बसवलेले असतात. फलकांची जमीन निळी किंवा गुलाबी, मधल्या पांढऱ्या जागेत गुलाबांचा गुच्छ, मेंढपाळ आणि त्याची सखी, नाहीतर पंख असलेली गुटगुटीत मुले. तबकडीही पुष्कळदा पोर्सिलेनची, रोमन आकड्यांची, आणि चारच्या जागी चार उभ्या रेघा.

ही नक्षी कुठून आली, ते सांगण्यासारखे आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडली गेलेली दोन गावे अठराव्या शतकात खणून काढायला सुरुवात झाली, हर्क्युलेनियम १७३८ मध्ये आणि पाँपेई १७४८ मध्ये. भिंतींवरची चित्रे, ब्राँझची भांडी, दिवे, तिवया जशाच्या तशा वर आल्या. पॅरिसला तेव्हा रोकोको शैलीच्या शिंपल्यांचा आणि वळणावळणांच्या रेषांचा कंटाळा आलाच होता. दोन दशकांत रुची पालटली. रेषा सरळ झाली, डावी बाजू उजवीशी जुळू लागली, रोमन मंदिराचे खांब आणि कलश टेबलाखुर्च्यांपासून घड्याळांपर्यंत सगळीकडे उतरले. या शैलीला सोळाव्या लुईचे नाव मिळाले असले तरी १७७४ मध्ये तो गादीवर येण्याच्या आधीच ती रुजली होती.

कलशाविषयी थोडे थांबून सांगायला हवे. रोमन जगात असा कलश मृताच्या अस्थी ठेवण्यासाठीही वापरला जाई, आणि नवअभिजात शैलीत तो आला तेव्हा त्या गंभीर आठवणीसकट आला. मुंबईतल्या सेंट थॉमस कॅथेड्रलसारख्या जुन्या चर्चमध्ये संगमरवरी स्मारकांवर हीच परिभाषा दिसते. पण हेच घड्याळ मराठी घरात आले की पाहणाऱ्याला वर मंगल कलश दिसतो आणि त्याच्या कानांवरून उतरलेल्या माळा दिसतात. आपल्याकडच्या पुष्कळ घरांनी या घड्याळाला देवघराजवळ जागा दिली, दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचे फूल ठेवले, त्यामागे ही ओळख असणार असे मला वाटते. मी हिला गैरसमज मानत नाही. घडवणाऱ्याने दिलेला अर्थ आणि घराने दिलेला अर्थ, दोन्ही त्या वस्तूच्या इतिहासात मोडतात.

फलकांचे मूळ सेव्र. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यात १७४० मध्ये सुरू झालेला पोर्सिलेनचा कारखाना १७५६ मध्ये सेव्रला हलला आणि १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तो पूर्णपणे आपल्या मालकीचा केला. त्या काळी खरे चिनी पोर्सिलेन बनवायला लागणारी पांढरी केओलिन माती फ्रान्सला मिळालेली नव्हती, म्हणून तिथे काच, चुनखडीची माती वगैरे मिसळून एक मऊ पोर्सिलेन करत. भट्टीत ते फार दगा देई, पण रंग त्याच्या झिलईत असे काही मुरत की तसे पुढे कठीण पोर्सिलेनवर कधी साधले नाही. १७५३ चा आभाळी निळा, १७५७ च्या सुमाराचा गुलाबी, १७६३ चा गर्द निळा हे सेव्रचे रंग. १७६८ मध्ये लिमोजजवळ केओलिन सापडली आणि नंतर कठीण पोर्सिलेनही सुरू झाले. चित्र मात्र दोन्हींत झिलईच्या वर. रंग लावायचा, भट्टीत घालायचा, दुसरा रंग, पुन्हा भट्टी, आणि सोने सगळ्यांत शेवटी.

हे फलक घड्याळात बसवायची कल्पना ना कुंभाराची ना घड्याळजीची. ती पॅरिसच्या उंची वस्तूंच्या व्यापाऱ्यांची. सिमाँ-फिलिप प्वारिए आणि त्याच्यामागून दोमिनिक दागेर या दोघांची नावे त्यात मुख्य. नियमाप्रमाणे या व्यापाऱ्यांना स्वतः काही घडवता येत नसे. ते सेव्रकडून मापाचे फलक मागवत, ओताऱ्याकडून ब्राँझ, मुलामेवाल्याकडून सोने, मीनाकाराकडून तबकडी, घड्याळजीकडून यंत्र घेत आणि या सगळ्याची एक वस्तू करवून घेत. पॅरिसमध्ये ओताऱ्यांचा आणि मुलामेवाल्यांचा संघ १७७६ पर्यंत वेगळा होता, म्हणजे एकाच ब्राँझच्या पानाला दोन वेगळ्या कारखान्यांतून जावे लागे. तबकडीवर जे नाव असते ते घड्याळजीचे, क्वचित विकणाऱ्याचे. ओतणारा, सोने चढवणारा, गुलाब रंगवणारा यांची नावे बहुधा कुठेच नसतात. झोझेफ कोतो हा जिनिव्हात जन्मलेला मीनाकार तबकडीवर आपले नाव घाली. असे थोडेच.

सोन्याविषयी लिहिताना हात थबकतो. पाऱ्यात सोने विरघळवून लोण्यासारखा गोळा करत. ओतून, छिन्नीने कोरून, तेजाबाने साफ केलेल्या ब्राँझवर तो गोळा तारेच्या कुंचल्याने चोपडत. मग तो भाग निखाऱ्यांवर धरायचा. पारा वाफ होऊन उडून जाई आणि सोने धातूला कायमचे चिकटून राही. त्यानंतर अकीक दगडाने घासून काही भाग चकचकीत करायचे आणि काही मुद्दाम मंद ठेवायचे. पानाची शीर चमकते आणि पानाचे पोट मंद राहते, हा उजेडाचा खेळ त्या घासण्यातून आला आहे. पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात पडत, आयुष्य आखूड होई. १८४० नंतर विजेने मुलामा देण्याची रीत आली आणि ती माणसांच्या दृष्टीने फार चांगली झाली. मात्र पातळ आणि एकसारख्या सोन्याने मढवलेले पान आणि पाऱ्याच्या सोन्याचे पान शेजारी ठेवले तर फरक कुणालाही कळेल. जुन्या मुलाम्याची तारीफ करताना त्याची किंमत कुणी मोजली, हे विसरू नये असे मला मनापासून वाटते.

इंग्लंडमध्ये याच काळात वेगळी वाट निघाली. जोसाया वेजवुडने १७७० च्या दशकात जास्पर नावाची बिनझिलईची चिनी माती तयार केली, निळ्या जमिनीवर पांढरी उठावाची चित्रे. लंडनचा घड्याळजी बेंजामिन व्हलियामी संगमरवराच्या घड्याळांवर डर्बीच्या कारखान्यातल्या पांढऱ्या बिस्किट पोर्सिलेनच्या मूर्ती बसवी. ती घड्याळे संयमी, थोडी थंड. आपल्या भागात ती फार क्वचित दिसतात, म्हणून या पुस्तकात त्यांच्यासाठी एकच प्रकरण आहे.

आता पोटातले यंत्र. मागचे गोल झाकण उघडले की पितळेच्या दोन गोल पट्ट्यांमध्ये दोन कमानी दिसतात, एक चालीची आणि एक टोल्यांची. चावी पुष्कळदा पंधरा दिवसांची. लंबक छोटा, साधारण १६ सेंटिमीटरचा धरला तर सेकंदाला अडीच ठोके. तासाला तासाइतके टोल आणि अर्ध्या तासाला एक, म्हणजे दिवसरात्रीत १८० टोल, आणि तेवढी ताकद दुसऱ्या कमानीत साठवलेली असते. जुन्या यंत्रात टोल मोजायला एक चाक असते. त्याच्या कडेला वाढत्या अंतराने खाचा. हे चाक काट्यांकडे पाहत नाही, मागच्या वेळी किती वाजवले त्याच्या पुढचे वाजवते. म्हणून टोल्यांची चावी आधी संपली आणि चालीची शिल्लक राहिली, की पुन्हा चावी दिल्यावर काटे पाच दाखवतात आणि घंटा तीन वाजवते. घरचे लोक म्हणतात घड्याळ बिघडले. ते बिघडलेले नसते, दोन बाजूंचा मेळ तेवढा सुटलेला असतो, आणि जाणकार घड्याळजी तो दोन मिनिटांत बसवून देतो.

वय ओळखायला यंत्र फार मदत करते. सुरुवातीच्या फ्रेंच घड्याळांत लंबक रेशमी दोऱ्याला टांगलेला असे. १८४० च्या सुमारास आशिल ब्रोको याची पोलादी पट्टीची टांगणी आली आणि तिची चाल तबकडीच्या समोरूनच कमीजास्त करता येऊ लागली. बाराच्या आकड्यापाशी चावीचे अगदी बारीक तिसरे भोक दिसले तर यंत्र त्या काळानंतरचे. मागच्या पट्टीवर गोल शिक्के असतात, बोकूरच्या जापी बंधूंचा, सॅम्युएल मार्तीचा. मार्तीच्या शिक्क्यात पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनातल्या सुवर्णपदकाचा उल्लेख असेल, तर ते यंत्र सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या काळचे आहे ही विकणाऱ्याची गोष्ट तिथेच संपते.

आणि ही गोष्ट वारंवार ऐकू येते, म्हणून सरळ सांगतो. महाराष्ट्रात आज जी पोर्सिलेन-फलकांची घड्याळे सापडतात, त्यांतली जवळजवळ सगळी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५२ ते १८७० मध्ये, सम्राज्ञी युजेनीला मारी आंत्वानेतचे विलक्षण आकर्षण होते. तिच्या दरबाराने सोळाव्या लुईची शैली पुन्हा आणली आणि पॅरिसच्या कारखान्यांनी ती मध्यमवर्गापर्यंत पोचवली. जापींसारखे कारखाने यंत्राचे भाग मोठ्या संख्येने तयार करत. फलक पॅरिस आणि लिमोजमधल्या खासगी कारखान्यांतले, चित्रे बुशे आणि वातो या चित्रकारांच्या धाटणीची. स्वस्त घड्याळांत ब्राँझऐवजी जस्ताचा मिश्रधातू. फलकामागे सेव्रची एकमेकांत गुंतलेल्या दोन एल अक्षरांची खूण रंगवलेली असली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण एकोणिसाव्या शतकात ती सर्रास काढली गेली. भिंगातून पाहावे. कुंचल्याचा फटकारा दिसतो की छपाईचे ठिपके, एवढे कळले तरी पुष्कळ.

पण म्हणून ही घड्याळे खोटी ठरत नाहीत. ती आपल्या काळाची प्रामाणिक कामे आहेत. चांगल्या कारखान्याचे ओतीव काम, हाताने रंगवलेला फलक आणि दीडशे वर्षांनी चावी दिल्यावर चालू लागणारे यंत्र, यात कमी लेखण्यासारखे काही नाही. त्यांना खोट्या राजघराण्याची गरज नाही. मूळ अठराव्या शतकातली पाहायची असतील तर लंडनचे वॉलेस कलेक्शन आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत राजवाड्यांतले सामान लिलावात निघाले आणि त्यानंतरच्या दशकांत इंग्रज धनिकांनी ज्या वस्तू गोळा केल्या, त्यांतल्या पुष्कळ तिथे आहेत.

आपल्याकडे ती कोणत्या वाटेने आली? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, तरी त्या पैशातून उभी राहिलेली हवेली, बंगला, दिवाणखाना मागे राहिला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मार्सेय बंदर मुंबईच्या जवळ आले. म्हणजे पॅरिसमध्ये ही शैली ऐन भरात होती तेव्हाच मुंबईकडे पैसाही होता आणि वाटही. डोळ्यालाही ती अगदी नवी नव्हती. १८३३ मध्ये पुरा झालेला टाऊन हॉल, जिथे आज एशियाटिक सोसायटी आहे, त्याचे डोरिक खांब मुंबईकर तीस वर्षे पाहत होते. पारशी आणि भाटिया शेठियांचे बंगले, बडोदे आणि ग्वाल्हेरसारख्या मराठी संस्थानांचे राजवाडे, मग सरदार, इनामदार आणि वकील यांचे वाडे, अशी या घड्याळांची उतरण झाली.

घड्याळ आले, पण त्याने कोणती वेळ दाखवायची? वाड्यात मुहूर्त अजून घटिकापात्रावर धरला जात होता, २४ मिनिटांची एक घटिका, दिवसरात्रीच्या ६०. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत होती. मुंबई स्वतःच्या वेळेवर अडून बसली होती. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ लादून पाहिली, ती टिकली नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ थेट १९५५ पर्यंत तग धरून होती. मी जिथे बसून हे लिहितो त्या मुळशी तालुक्यातल्या माणमध्ये सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३५ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. ब्राँझच्या घड्याळाला याच्याशी देणेघेणे नसते, त्याला लावाल ती वेळ ते पाळते. घरातल्या वडीलधाऱ्याने ते कोणत्या वेळेला लावायचे ठरवले, यात मात्र त्या घराचे पंचांग, कचेरी आणि आगगाडी यांच्यातले नाते दिसते. जुन्या रोजनिशा चाळणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

आज ही घड्याळे पाहायची तर पुण्याहून हैदराबादला जावे. सालारजंग संग्रहालयात घड्याळांचे स्वतंत्र दालन आहे आणि फ्रान्स, इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनी इथली घड्याळे तिथे शेजारी शेजारी पाहायला मिळतात. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा हे काही परके घर नव्हे. गर्दी मात्र सगळी कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही पेढीच्या संगीत घड्याळापुढे असते. दर तासाला त्यातला छोटा माणूस बाहेर येऊन टोल देतो ते पाहायला लोक तिष्ठत बसतात. ते झाल्यावर पाच मिनिटे फ्रेंच घड्याळांपुढे उभे राहावे. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या संग्रहालयात युरोपीय कलेचा विभाग आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतले युरोपीय पोर्सिलेन आणि शोभेच्या वस्तू आहेत. फलकांवरचे रंग समजून घ्यायला ते पोर्सिलेन उत्तम. मुळशी तालुक्यातला माणूस त्या दालनात उभा राहतो तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट आठवते. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सेनापती बापटांच्या बरोबरीने मुळशी पेट्यातले मावळे सत्याग्रहाला बसले होते. संग्रहालय लोकांना खुले झाले ते त्यानंतर नऊ महिन्यांनी, जानेवारी १९२२ मध्ये. माण त्या पाण्यापासून लांब राहिले, पण तालुका एकच. सुंदर वस्तू जमवणारे घर आणि भाताची खाचरे गमावणारे घर यांना जोडणारी रेघ पुसू नये. त्या वस्तूंची सुंदरता त्यामुळे कमी होत नाही, आणि तो इतिहासही.

पुण्यातल्या घड्याळांचे हाल वेगळे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले वाडेच गेले, तिथे मेजावरच्या घड्याळांचा हिशेब कोण ठेवणार! जे वाडे उरले ते गेल्या तीस-चाळीस वर्षांत एकेक करून इमारतींना जागा देत गेले. सामान जुन्या बाजारात गेले, मुंबईच्या चोर बाजारात गेले. काही घड्याळे मुलांबरोबर नव्या घरी आली, आणि ती नवी घरे आता आमच्या माण-हिंजवडीकडे आहेत. आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात उभा राहिला, मेट्रोचा डेपो इथे झाला, उंच इमारती आल्या. पेठेतल्या कोनाड्यातले घड्याळ अठराव्या मजल्यावर टीव्हीखालच्या फळीवर येऊन बसले. गंमत अशी की या घड्याळाला लागते तशी, भिंतीला टेकलेली, लांबट आणि बरोबर सपाट फळी त्याला महाराष्ट्रात पहिल्यांदा मिळाली ती या फ्लॅटमध्ये.

इथेच धोकेही आहेत. पहिला चिंचेचा. सोनेरी दिसते ते पितळ, आणि पितळ म्हणजे चिंच, राख, लिंबू नाहीतर डब्यातली पावडर, ही आपल्या घरांची जुनी शिस्त. देवाच्या भांड्यांना ती शोभते. पाऱ्याने चढवलेले सोने केसाहून बारीक असते, दोन-चार दिवाळ्यांच्या घासण्यात ते कायमचे जाते आणि खाली नुसते पिवळे ब्राँझ उरते. अशी लखलखीत केलेली घड्याळे पाहून पोटात तुटते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, तेवढे पुरे. फलकावर ओले फडके फिरवू नये, कडेचे सोने झिजते आणि ब्राँझच्या खोबणीत पाणी शिरते.

दुसरा धोका खोबरेल तेलाचा. यंत्र अडखळले की घरातले मिळेल ते तेल सोडतात. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते, म्हणून असे घड्याळ उन्हाळ्यात चालते आणि डिसेंबरात पहाटे बंद पडते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या तेलात धूळ बसून पोलादी आसांना खाणारी घट्ट पेस्ट होते. घड्याळाचे तेल वेगळे मिळते, आणि तेही टाचणीच्या टोकावर मावेल इतकेच लागते. मुळशीच्या पावसात कमानी आणि लंबकाची पट्टी गंजू नये म्हणून चार महिने घड्याळ बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवावे. जागा हलवताना लंबक आधी काढावा. नव्या जागी ठेवल्यावर कान द्यावा. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे ऐकू येत नसेल तर घड्याळ तिरके आहे किंवा लंबकाचा काटा सरकला आहे. असे लंगडे घड्याळ काही तासांत थांबते, आणि मग नाहक यंत्रावर आळ येतो.

तिसरा धोका सगळ्यांत मोठा. जुने यंत्र काढून टाकायचे, त्या जागी बॅटरीचे मशीन बसवायचे, म्हणजे चावीची कटकट नाही. मूळ यंत्र मोडीत जाते. तसेच फलक काढून चौकटीत लावतात, कलश सुटा विकतात. विकणाऱ्याला दोन वस्तूंचे दोन भाव मिळतात आणि घेणाऱ्याच्या हाती काहीच पुरे येत नाही. ओताऱ्याने यंत्राचा घेर मोजून पेटी ओतली होती, चित्रकाराने खिडकीच्या आकारात आपला गुच्छ बसवला होता, घंटेचा नाद त्या ब्राँझच्या पोकळीत घुमेल असाच होता. हे सगळे एकमेकांसाठी होते. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणारे हात आजही आहेत. तुटलेल्या पानाची डागडुजी करायला मी बॅटरी विकणाऱ्यापेक्षा त्यांच्याकडे आधी जाईन, ओतीव काम त्यांचे नसले तरी धातूचा स्वभाव त्यांना कळतो.

पुढच्या प्रकरणांत शैली, फलक, यंत्र आणि देखभाल या विषयांना क्रमाने जागा दिली आहे, पण वाचकाने आपल्या घरातल्या घड्याळापासून सुरुवात करावी. भावांचे आकडे या पुस्तकात नाहीत. घराघरांतली घड्याळे मी पाहिली ती लोकांनी विश्वासाने दार उघडले म्हणून, त्यामुळे कुणाचेही नाव-गाव दिलेले नाही. ज्या घड्याळजींनी झाकणे उघडून दाखवली, त्यांचा मी ऋणी आहे. हे कसब शिकणारी तरुण मुले कमी होत आहेत आणि घड्याळजींच्या हाताखाली बसायची इच्छा असलेल्या कुणी हे पुस्तक वाचले, तर मला फार आनंद होईल.

तुमच्या घरी असे घड्याळ असेल तर एक काम आजच करता येईल. मागचे झाकण उघडा, लंबक हलकेच काढा आणि त्याच्या मागच्या बाजूचा क्रमांक वाचा. मग यंत्राच्या मागच्या पट्टीवर खाली ठोकलेला क्रमांक वाचा. फ्रेंच कारखाने पुष्कळदा दोन्हींवर एकच आकडा घालत. तो जुळला तर कारखान्यातून एकत्र निघालेली जोडी अजून एकत्र आहे. पट्टीच्या आतल्या अंगाला कधी सुईने ओरखडलेली तारीख असते, ती कुठल्या तरी घड्याळजीने साफसफाईच्या दिवशी घातलेली. दोन्ही उतरवून घ्या, घड्याळ कुणी कुठून आणले हे घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारून त्याखाली लिहा, आणि तो कागद चावीबरोबर ठेवा.

माण, ता. मुळशी, जि. पुणे